ट्रेसाचं कोरं नाव

डेल्फा स्टॅम्पर सकाळी उठली की आधी कॉफी ठेवायची, आणि ती उकळेपर्यंत फोनवर तुरुंगाची यादी उघडायची. आधी आपल्या टॉलिव्हर काउंटीची, मग शेजारच्या रॅन्सडेलची, मग नदीपलीकडच्या गावांची. काल रात्री कुणाला पकडून आणलं, कशासाठी आणलं, जामीन किती, हे सगळं प्रत्येक तुरुंग आपल्या पानावर टाकतो, वर फोटोही लावतो. कुणी म्हणेल, देवाचं नाव घ्यायच्या वेळी हे काय बघायचं? तसं म्हणणाऱ्यानं केंटकीच्या या डोंगरांत येऊन थोडे दिवस राहावं. इथं घराघरांत हेच पान आधी उघडतं. काही जण ते चवीनं वाचतात, दुसऱ्याच्या पोराचा सुजलेला चेहरा बघून पोट धरून हसतात, आणि पेट्रोल पंपावर अशाच फोटोंचं एक पत्रक मिळतं तेही पैसे देऊन विकत घेतात. अशांना आपलं पोर त्यात दिसेपर्यंत अक्कल येत नाही. डेल्फा मात्र हसायला बघत नव्हती. तिची मुलगी ट्रेसा शरद ऋतूत घरातून गेली होती, आता डोंगरावर बर्फ होता, आणि आपली मुलगी तुरुंगात असू दे एवढंच ती देवाकडे मागत होती.

आई असं मागते हे ऐकायला विचित्र वाटेल, पण त्यामागचा हिशेब सरळ होता. जी यादीत आहे ती जिवंत आहे. तिला छप्पर आहे, तीन वेळा बेचव का होईना पण जेवण आहे, आणि नशेची सुई हाताला लागणार नाही. डेल्फाच्या चर्चमधली व्हर्ना हिचा मुलगा गेलं वर्षभर आत होता. पूर्वी डेल्फाला व्हर्नाची कीव यायची, आता तिचा हेवा वाटायचा. व्हर्ना रात्री गाढ झोपते, तिला आपला पोरगा कुठल्या कोठडीत, कुठल्या बाकावर पडलाय ते ठाऊक आहे, असं ती स्वतःशी म्हणायची आणि मग स्वतःचीच लाज वाटून घ्यायची.

डेल्फा गावातल्या प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. पावासारखी गरम बिस्किटं आणि पांढरी ग्रेव्ही, राजमा, मक्याचा ब्रेड, हे रांधता रांधता तिचे केस पिकले. कुठल्या मुलाची आई आत आहे, कुणाचा बाप गेला, कोण आता आजीकडे राहतो, हे तिला मुख्याध्यापकांच्या आधी कळायचं, कारण ती पोरं सोमवारी ताटावर तुटून पडायची. त्यांच्या ताटात ती न विचारता दुप्पट वाढायची. वरच्या बाईनं एकदा हटकलं तेव्हा म्हणाली, "हात जड आहे माझा, वय झालं. कापून घ्या माझ्या पगारातून." कुणी कापलं नाही.

नवरा होबर्ट खाणीत होता. फुप्फुसात कोळसा साठून तो खुर्चीत बसल्या बसल्या गेला. मग ट्रेसा आणि ती, दोघीच. ट्रेसा वृद्धाश्रमात कामाला होती. एका लठ्ठ म्हाताऱ्याला पलंगावरून उचलताना तिची पाठ धरली, डॉक्टरनं दुखणं थांबवायला अफूच्या जातीच्या गोळ्या दिल्या, आणि पाठ बरी झाली तरी गोळ्या सुटल्या नाहीत. पुढं काय होतं ते इथं पोराबाळांनाही पाठ आहे. आधी घरातली कॉफीची मशीन गेली, मग होबर्टचं घड्याळ, मग एके दिवशी ट्रेसा स्वतःच गेली. "मम्मी, थोड्या दिवसांत येते. जीव खाऊ नकोस माझा," एवढं फोनवर म्हणाली, आणि तो फोन पुढं कधी लागलाच नाही.

यात एक गोष्ट अशी, की ट्रेसाला आजवर कधी कुणी पकडलं नव्हतं. होबर्टचा बाप चोरटी दारू गाळून दोनदा आत जाऊन आला होता, होबर्टच्या भावांचं तर विचारूच नका. त्या खानदानात ट्रेसाचं नाव कोरं होतं. "माझ्या पोरीच्या नावावर साधा गाडीचा दंडसुद्धा नाही," असं डेल्फा चर्चच्या जेवणात मिरवायची. आता तेच कोरं नाव तिच्या जिवावर उठलं होतं. प्रत्येक यादीत ती 'स्टॅम्पर' टाकायची, आणि कुठला तरी चुलत दीर, कुठला तरी पुतण्या निघायचा. ट्रेसा कुठंच निघायची नाही.

नणंद आर्लीन पलीकडच्या वळणावर राहायची. ती एकदा कॉफी पिता पिता चाचरत म्हणाली, "डेल्फा, तुरुंगाच्या याद्या तू बघतेसच. पण शवागारात कॉरोनरकडेही एक यादी असते. ज्यांची ओळख लागत नाही, त्यांची."

"आर्लीन, कप खाली ठेव आणि घरी जा."

"अगं, मी फक्त..."

"घरी जा म्हटलं ना!"

आर्लीन गेली. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही, आणि दुसऱ्या कुणीही काढला नाही. आमच्याकडची माणसं बोलायला फटकळ, पण कुठं गप्प बसायचं ते त्यांना कळतं. ते गप्प बसणं इथं महागात पडलं असं मला वाटतं, पण मी तरी तिच्या तोंडावर बोललो असतो का? नसतो.

मग तो गुरुवार आला. शाळेत मुलांची जेवणं उरकली होती, डेल्फा भांड्यांच्या टाकीशी उभी राहून ओल्या अंगठ्यानं फोन सरकवत होती. रॅन्सडेलचं पान उघडलं आणि तिथं लिहिलं होतं, 'स्टॅम्पर, ट्रेसा गेल.' दुकानातून चोरी. खाली जन्मतारीख, तीही बरोबर. डेल्फा टाकीला धरून खाली बसली, फरशीवरच, आणि मोठ्यानं ओरडली, "पकडली! माझी ट्रेसा पकडली गेली!"

स्वयंपाकघरातल्या बाया धावत आल्या. आधी त्यांना वाटलं हिला काही चटका बसला. मग कळलं तशी एकीनं तिला मिठी मारली, दुसरी पेपर टॉवेलनं डोळे पुसायला लागली.

"काय चोरलं गं?"

"मोजे. आणि खायचं काहीतरी."

"देवा, तुझे उपकार! मोजेच ना? मग लवकर सुटेल."

"सुटायची घाई कुणाला आहे?" डेल्फा रडत रडत हसली. "राहू दे तिथंच. वसंत ऋतूपर्यंत ठेवा म्हणावं, मी पाया पडते जजच्या."

संध्याकाळी चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी ती उभी राहिली आणि मुलगी तुरुंगात सापडल्याबद्दल तिनं सगळ्यांसमक्ष देवाचे आभार मानले. पन्नाशी उलटलेले रांगडे पुरुष रुमालात नाक शिंकरत 'आमेन' म्हणाले. व्हर्नानं तिला बाजूला घेऊन सगळं समजावलं: अंतर्वस्त्रं आणि मोजे न्यायचे तर पांढरेच, आणि पाकीट फोडलेलं नको, नाहीतर ते घेत नाहीत. भेटायला जायच्या आधी फोन कर, आतून तिनं हो म्हटलं तरच सोडतात. व्हर्ना हे असं सांगत होती जसं एखादी लेकुरवाळी नव्या आईला बाळाचं न्हाणं शिकवते.

फोटोचं मात्र मी अजून सांगितलं नाही. सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगायला हवं. फोटो होता. छोटा, पिवळट, कपाळावर चिकटलेले केस, गाल आत गेलेले. त्या रात्री आर्लीननं फोन हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"डेल्फा, हनुवटी बघ."

"काय झालं हनुवटीला?"

"ट्रेसाची अशी टोकदार नव्हती."

"दात गेलेत तिचे, आर्लीन! दात गेले की हनुवटी वर येते. होबर्टची नव्हती आली?"

"आणि नाक?"

"वाळलीय पोरगी. हाडं तेवढी राहिलीत. तू किती जणींना बघितलंस, सांग बरं. ती बँकेतली लिंडसी ओळखू आली होती का तुला? तू तिला म्हणालीस, काय हवंय आजीबाई?"

आर्लीननं फोन परत दिला, कारण ते खरं होतं. या नशेनं इथल्या पोरींचे चेहरे असे पुसून टाकलेत, की कुठलाही उतरलेला चेहरा कुठल्याही पोरीचा असू शकतो. दुसऱ्या मुलखातली आई म्हणाली असती, ही माझी नाही. आमच्याकडची आई म्हणते, एवढ्यात इतकी उतरली का गं! डेल्फानं अंगठ्यानं चेहऱ्याचा खालचा भाग झाकला आणि डोळे बघितले. मग वरचा भाग झाकून ओठ बघितले. जेवढं जुळलं तेवढं तिनं घेतलं आणि उरलेलं नशेच्या माथी मारलं. मनाच्या तळाशी काहीतरी टोचत होतं, नाही असं नाही. पण शुक्रवारी तुरुंगातून निरोप आला, की कैदी भेटायला तयार आहे, आणि मग ते टोचणंही थांबलं. ती माझी नसती तर हो कशाला म्हणाली असती?

शनिवारी सकाळी घाटातून सावकाश गाडी हाकत ती रॅन्सडेलला पोचली. मागच्या सीटवर पांढऱ्या मोज्यांचं न फोडलेलं पाकीट होतं. आमच्या राज्यात जेलर मतांवर निवडून येतो, आणि निवडणूक तोंडावर होती, म्हणून जेलर वेंडेल कॉडिल स्वतः खिडकीशी बसून येणाऱ्या प्रत्येक आईचा हात हातात घेत होता. माणूस वाईट नव्हता. जागा होती त्याच्या दुप्पट कैदी कोंबलेले, कोण कोण आहे हे बघायला त्याला वेळ कुठला? रात्रपाळीच्या पोरानं खिशातलं ओळखपत्र बघून नाव लिहून घेतलं होतं. बोटांचे ठसे राजधानीत पाठवलेले होते, उत्तर यायचं होतं.

"टॉलिव्हरहून आलात, मिस डेल्फा? एवढ्या बर्फातून? तुमची पोरगी गुणी आहे हो, आवाज नाही तिचा. पहिलाच गुन्हा, नाव कोरं. सोमवारी जज सोडतील. घरचं कुणी न्यायला आलं म्हणजे झालं."

"मी येईन ना," डेल्फा म्हणाली. "मी येणार नाही तर कोण?"

काच, काचेच्या दोन्ही बाजूंना फोन, वर पाटी: इथलं बोलणं रेकॉर्ड केलं जातं. पलीकडचं दार उघडलं. नारिंगी कपड्यांत एक मुलगी आली आणि स्टुलावर बसली.

ती ट्रेसा नव्हती.

काचेपलीकडे हातभर अंतरावर बसलेल्या माणसाला दात, हाडं, नशा अशी कुठलीच सबब लागू पडत नाही. पोटच्या पोरीला आई तिच्या बसण्यावरून ओळखते. डेल्फा अर्धवट उठली, तिचं तोंड उघडलं. तेवढ्यात त्या मुलीनं घाईनं फोन उचलला, आणि दुसऱ्या हातानं वरच्या पाटीकडे बोट दाखवलं. तिचे डोळे भीतीनं पांढरे झाले होते. डेल्फानं फोन कानाला लावला.

"मम्मी," ती मुलगी म्हणाली, "फोन रेकॉर्ड होतो. माहीत आहे ना?"

डेल्फानं पाटीकडे बघितलं, मग पुन्हा तिच्याकडे.

"मम्मी, बोल ना काहीतरी. ट्रेसा म्हण."

तेव्हा डेल्फाला उमगलं. ही दुसऱ्याच्या नावावर आत आली होती. स्वतःच्या नावावर वॉरंटं असणार, आणि ट्रेसाचं नाव स्वच्छ. इथं कुणी ऐकलं तर हिचं सगळं फसणार होतं. आणि ट्रेसाचं ओळखपत्र ट्रेसाकडे नसून हिच्याकडे होतं, याचा अर्थ काय, तो डेल्फानं त्या क्षणी मनात येऊ दिला नाही. पण तो ऐकायचा तर एकच वाट होती.

"ट्रेसा," ती म्हणाली. परक्या पोरीला आपल्या पोरीचं नाव देताना तिची जीभ लाकडासारखी झाली. "ट्रेसा, तुझ्याबरोबर ती मुलगी होती ना. आपल्या गावची."

"हो."

"ती कुठंय?"

मुलीनं मान खाली घातली. "ती नाही राहिली, मम्मी."

डेल्फानं काचेवर पंजा टेकवला. 

"कधी?"

"थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आसपास, नोव्हेंबर संपता संपता. लॉटन गावात. बंद पडलेलं कार धुवायचं सेंटर आहे ना, त्याच्यामागं आम्ही एका व्हॅनमध्ये राहत होतो. तिनं घेतलं, आणि... ते चांगलं नव्हतं. काहीतरी मिसळलेलं होतं त्यात."

"तू होतीस तिथं?"

"होते. मी तिला हलवलं, तोंडावर बर्फ चोळला. पंपावर धावत गेले आणि ॲम्ब्युलन्सला फोन केला. दिवे दिसेपर्यंत थांबले. मग पळाले." ती आता रडत होती, पण आवाज दाबून. "मला थांबता येत नव्हतं, मम्मी. तुला माहीत नाही माझ्यामागं काय काय लागलंय."

"काही म्हणाली का ती?"

"थंडी वाजते म्हणाली. मी माझा कोट घातला तिला. बटणंसुद्धा लावली. निघताना तिची पर्स घेतली. चुकले मी. पण कोट तिच्या अंगावरच ठेवला."

यावर डेल्फानं जे विचारलं, ते कुठल्याही आईनं विचारलं असतं. "माझ्याबद्दल... तिच्या आईबद्दल कधी बोलायची का?"

"शाळेतल्या बिस्किटांबद्दल बोलायची. नाताळला घरी जाऊ म्हणायची, तूही चल म्हणायची. मम्मी दुप्पट वाढते, म्हणायची." मुलीनं नाक बाहीला पुसलं, फोनवर तळहात घट्ट दाबला आणि काचेच्या फटीशी तोंड आणून कुजबुजली. "मम्मी, सोमवारी मला न्यायला ये ना. ठशांचं उत्तर यायच्या आत. मी तुला ती जागा दाखवेन. मग मी निघून जाईन, तुला माझं तोंड दिसणार नाही. मला एक लेक आहे गं. त्यांनी मला ओळखलं तर ती मोठी होईपर्यंत मी आतच."

पहारेकऱ्यानं दार वाजवलं, वेळ संपली. ती मुलगी उठली, आणि जाताना वळून म्हणाली, "येशील ना?" तो शब्द फोनवर आला नाही, काचेतून नुसते ओठ दिसले.

डेल्फा बाहेरच्या बाकावर येऊन बसली. समोरच्या भिंतीवरच्या पडद्यावर तीच यादी फिरत होती, जी ती रोज सकाळी फोनवर बघायची. नावं वर सरकत होती आणि मधूनच 'स्टॅम्पर, ट्रेसा गेल' येऊन जात होतं. जगात ही एकच जागा होती जिथं तिची मुलगी अजून जिवंत होती. गप्प बसलं तर सोमवारी ट्रेसा सुटेल, कागदोपत्री घरी येईल, आणि मग कायमची कुठंतरी फिरत राहील. पोरगी हिंडतेय बाहेर, असं सांगता येईल चर्चमध्ये. आणि आत ती दुसरी, जिनं मरणाऱ्या पोरीच्या कोटाची बटणं लावली, तीही वाचेल. गप्प बसायला काहीच लागत नव्हतं.

पण लॉटनच्या कुठल्या तरी शवागारात, नाहीतर काउंटीच्या खर्चानं पुरलेल्या कुठल्या तरी खड्ड्यात, एक मुलगी दुसरीचा कोट घालून बिननावाची पडली होती. होबर्टच्या शेजारची जागा रिकामी होती.  

ती उठून खिडकीशी गेली आणि मोज्यांचं पाकीट आत सरकवलं.

"हे तिला द्या. आत थंडी आहे."

"देतो की," वेंडेल म्हणाला. "सोमवारी मग किती वाजता येताय? मी सांगून ठेवतो, थांबावं लागणार नाही तुम्हाला."

"आधी हे तिला द्या. माझ्यासमोर आत पाठवा."

त्यानं शिपायाला हाक मारून पाकीट आत पाठवलं. ते दाराआड जाईपर्यंत डेल्फा बघत राहिली. मग तिनं खिडकीची कड घट्ट धरली.

"ती माझी मुलगी नाही," ती म्हणाली.

"काय?"

"तिनं माझ्या पोरीला वाईट वागवलं नाही, हे लिहून घ्या. जजला सांगायला मी येईन, मला बोलवा. पण ती ट्रेसा नाही."

वेंडेल अर्धवट उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचं निवडणुकीचं हसू पार उतरलं होतं. "मिस डेल्फा, मग तुमची मुलगी कुठं आहे?"

"लॉटनला. मेलीय ती. तिथं तिला नाव नाही, कारण ते तुम्ही इथं कोंडून ठेवलंय." तिनं पडद्याकडे हात केला. "सोमवारपर्यंत थांबवत नाही मला. ते आत्ता सोडा. मला ते तिच्याकडे घेऊन जायचंय."